दादाच्या इंजिनाला तीन कोट

२ जून
दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ शिगेनोरी, २८ तारखेला पंच्याहत्तरीचा होतो. त्याच दिवशी पोलिस ठाण्यात जाऊन लायसन्स परत देणार. आदल्या दिवशी मोटरसायकलवरून शेवटची फेरी, ओमाएझाकीच्या दीपगृहापर्यंत. मागे मी. गाडी आमच्या शेडमध्ये असते. म्हणाला, "फक्त धुऊन ठेव." पण इंजिनाच्या कव्हरांचे पोपडे निघालेत. या अवतारात शेवटची फेरी? रंगवून टाकतो. तीन दिवसांचं काम. सरप्राइज!

४ जून
दोन्ही कव्हरं निघाली. तेलही निघालं. चिकाएने लोणच्यासाठी पसरलेल्या आलुबुखारांपर्यंत गेलं. ती बोलत नाहीये. बायको गप्प असली की काम झरझर होतं. आतलं तेल अडवणारं कागदी गॅस्केट फाटलं. नवं मिळेल.

९ जून
जुना रंग खरवडून साफ. दुकानदार म्हणतो, हे गॅस्केट वीस वर्षांपासून बनत नाही. म्हटलं, पुठ्ठ्याचं कापेन. तो हसला. कौतुकाने असावं.

१३ जून, दुपारी ४
पहिला कोट. तोंड बघून घ्यावं असा काळा.
४.१५ – हवा दमट. रंग पांढुरका पडला. डब्यावर तसं लिहायला नको?
४.३० – लिहिलंय. बारीक अक्षरात.

१८ जून
घासून पुन्हा. दुसरा कोट घाईत दिला. सुरकुत्या. चिकाए बोलू लागली: "साय छान धरलीय." उद्यापासून शिस्त.

२१ जून
दादा न सांगता आला. उघडं इंजिन बघत बराच वेळ उभा. "मी धुवायला सांगितलं होतं ना रे?" म्हटलं, २५ला तयार. नाहीतर लायसन्सचं महिनाभर पुढे ढकल. तर म्हणाला, "गेल्या महिन्यात लाल सिग्नल दिसलाच नाही मला. एक बाई सायकलवरून जात होती. थोडक्यात वाचली. आता पुरे."
जाताना पाठीवर थाप मारली. म्हणजे विश्वास आहे.

२४ जून
तिसरा कोट. चिकाएच्या हेअर ड्रायरने वाळवला. अप्रतिम. वाळला का ते बघायला अंगठा लावला. वाळला नव्हता. ठसा खालच्या बाजूला आहे, वाकल्याशिवाय दिसत नाही.

२७ जून
पहाटेच कव्हरं बसवली. सहाला दादा हेल्मेट घालूनच दारात. डब्यात दोघांपुरते भाताचे गोळे. किक मारली, इंजिन सुरू झालं! मिनिटभर. मग पुठ्ठ्यातून तेलाची धार. कव्हर तापलं तसे रंगाला फोड आले. बोल्ट आवळले, तर एक तुटला. दादा पायरीवर बसून राहिला, हेल्मेटसकट. दुपारी ते काढलं. चिकाएने चहा दिला. भात आम्ही शेडमध्येच खाल्ला.

२८ जून
दादाबरोबर बसने गेलो. ठाण्याच्या खिडकीतल्या मुलीने लायसन्स रद्द म्हणून त्याला भोक पाडलं आणि आठवण म्हणून परत दिलं. बसच्या सवलतीचा कागदही दिला. "इतकी वर्षं जपून चालवलीत," म्हणाली. दादा वाकून आभार मानत राहिला.
परतताना तो खिडकीशी बसला. शेजारून एकेक मोटरसायकल जायची, तो मान वळवून दिसेनाशी होईपर्यंत बघायचा. मी म्हटलं, तसं रंगाचं काम नव्वद टक्के जमलं होतं.
"हो," म्हणाला.
अख्ख्या आयुष्यात दादाने माझं म्हणणं असं वाद न घालता कधी मान्य केलं नाही.
आज जेवण गेलं नाही.