बाजेखालची शेगडी

कवठे महांकाळ,
चैत्र, १९९६

ती. आक्कास, धाकट्या वच्छीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

माझी भार्गवी आणि तिची लेक दोघी बऱ्या आहेत. एवढं आधी वाच, मग रागाव. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी मी विझवली.

तू मेढ्याहून धाडलेला ओवा आणि बाळंतशेपा पोरगी रोज खाते. पण पेटती शेगडी, बंद खिडकी आणि डोक्याला घट्ट फडकं हे आपल्या गारठ्यात ठीक. इथं डोक्यावर पत्रा आहे. परवा दुपारी बाळाचं अंग तव्यासारखं तापलं, दूध ओढेना. मी खिडकी उघडली, फडकं सोडलं आणि दाराला ओलं गोणपाट लावलं.

विहीणबाई, भार्गवीच्या सासूबाई, कडाडल्या, "वारा लागंल पोरीला. आमच्यात असलं करत न्हाईत."

मी म्हटलं, "आवं, असला उन्हाळा तुमी तरी कवा बघितला व्हता?"

"न्हाई बघितला," म्हणाल्या.

"मग ऊन बदललं, तर आपण बी बदलू."

सांजेला बाळ पोटभर प्यालं. तोवर माझ्या जिवाचं काय झालं ते लिहीत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? मेढ्यातही लोक आता पंखे घेतात म्हणे, खरं का?

शेगडी मी परत पेटवणार नाही, तू स्वतः आलीस तरी. आणि आता दुपारी विहीणबाईच गोणपाटावर पाणी मारतात. मी बघितलं की म्हणतात, "धूळ बसवतीया."

बोलणी आणि आशीर्वाद दोन्ही धाड.

तुझी हट्टी,
वच्छी