मधल्या ओट्याचा पॉइंट

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार

ओटा मधात येणार! भिंतीले चिकटून नाही — नव्या घरच्या स्वयंपाकघराच्या बरोब्बर मधात, चारी बाजूंनी मोकळा! सुनेनं, सत्यवतीनं, कोण्या मासिकात फोटो पाहिला अन् मधुसूदननं लगेच मान डोलावली. खापरखेड्याच्या वीजघरात तो साहेब, घरात बायकोचा शिपाई. माझा पोरगा आहे, मी म्हणू शकते.

हे म्हणाले, "बरं झालं. रांधता रांधता प्रदक्षिणा होईल. देवळात जायचं काम नाही."

मी इतकी हसली की कवळी हातात घ्यावी लागली. मले तं तो ओटा भलताच आवडला. जन्मभर भिंतीकडे तोंड करून भाकरी थापल्या. एखाद्या भिंतीनं कधी बोलायले तोंड उघडलं काय?

१५ नोव्हेंबर

आनंद अर्धा उतरला.

नकाशा पाहिला. ओट्याचे विजेचे सगळे पॉइंट वर. मिक्सर वर, शेगडी वर, सगळं उभ्यानं. माझे गुडघे तं आरतीलेही उभं राहू देत नाहीत! मी म्हटलं, "अन् मी कुठं बसू?" सत्यवती म्हणाली, "आई, तुम्ही आता आराम करा ना."

पोरगी चांगली आहे, मनात खोट नाही. पण आराम म्हणजे काय ते मले ठाऊक आहे. उमरेडच्या माझ्या मोठ्या बहिणीले, प्रेमिलाले, तिच्या सुनांनी आराम दिला. आता दारात खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारते — आज घरात काय भाजी केली गा?

नाही. मले आराम नको. पाटावर बसली की अजून मी कोणाले ऐकत नाही — चिरते, निवडते, वाटते. मले खालती एक पॉइंट पाहिजे. बस.

१७ नोव्हेंबर

वायरमन रविंद्र आला. पोरगा डोक्यानं बरा, केसांनी जरा जास्तच. म्हणाला, मधल्या ओट्याले भिंत नाही, म्हणून वायरचा पाइप जमिनीखालून आणायचा अन् ओट्यात वर काढायचा. मंगळवारी फरशीवाले येतील. एकदा फरशी बसली की मंग देव जरी आला तरी पॉइंट हलत नाही.

मी म्हटलं, "मंग माझा पॉइंट आत्ताच सांगते. ओट्याच्या मागच्या अंगाले, वीतभर उंच."

"आजी, फरशी पुसताना पाणी लागंल."

"तं हातभर उंच कर. अन् अर्थिंग बरोबर दे. मले झटका बसला तं भूत होऊन तुयाच घरी राहायले येईन. जेवणासकट."

मधुसूदन म्हणाला, "कर बाबा, कर. नाहीतर ती आत्ताच भूत होते." रविंद्र म्हणाला, जागा नीट दाखवून ठेवा, रविवारी येऊन नाली खोदतो.

१८ नोव्हेंबर

खूण करायले बांधकामावर एकटी गेली. जमिनीवर मुरूम पसरलेला. खडूची रेघ काढली — विटा वाहणाऱ्या बायांच्या पायांनी दोन घडीत गेली. मंग मी एक गोल दगड घेतला, अर्धा मुरमात रोवला. लांबून दिसावा म्हणून बटव्यातलं कुंकू ओलं करून त्याले चांगलं माखलं.

किती हुशार आहे मी! शाळा चौथीत सुटली, नाहीतर इंजिनेर झाली असती.

१९ नोव्हेंबर

वो माय!!

दगडाले झेंडूचा हार. उदबत्ती. फोडलेला नारळ. विटा वाहणारी पंचफुला हात जोडून बसलेली. "बाई, तुमच्या सैपाकघरात देव निघाला!"

मी म्हटलं, "अवं, तो मी ठेवला. मिक्सरसाठी."

"तुमच्या हातानं आला म्हणा. देव असाच येते. काल सांजच्याले डोकं टेकलं अन् माझी पाठ दुखायची थांबली."

"त्यानंतर तू घमेले किती उचलले?"

"मंग तं सुट्टीच झाली."

पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. देवा, माफ कर — पण तू आहेस कोण, ते आपल्या दोघांलेच माहीत!

२० नोव्हेंबर, रविवार

आता हसू येऊन नाही राहिलं.

रविंद्र आला, चपला काढल्या, नमस्कार केला, अन् म्हणाला, "आजी, मी तं इथं सबल मारून खोदणार नाही. मले लेकरंबाळं आहेत. पाइप पलीकडून नेतो, सगळे पॉइंट वरच काढतो." मी गंज सांगितलं, दहादा सांगितलं. ऐकायले तयार नाही. सत्यवती हळूच म्हणाली, "जाऊ द्या आई. देवाच्याच मनात नाही." देवाच्या की तुझ्या, असं ओठांवर आलं होतं. गिळलं.

हे म्हणाले, "साऱ्या जगाले देव शोधून सापडत नाही. तुले सापडला तं नको झाला!"

परवा फरशी. मंग जन्माची खाट.

२१ नोव्हेंबर

सुचलं! देव नाही म्हणता येत नाही, पण देवाले जा म्हणता येते. गणपतीले नाही का आपण लाडू चारून पाण्यात बुडवत!

सकाळीच दहीभात घेऊन गेली. सगळ्यांले गोळा केलं. दगडावर अक्षता टाकल्या, मोठ्यानं म्हटलं, "देवा, इथं रोज मिक्सर फिरेल. तुले दुपारची झोप लागणार नाही. मागं निंबाखाली गार आहे, तिथं चल." अन् दगड जरासा हलवला.

पंचफुलानं मान हलवली. "खरं आहे. देवाले मिक्सर सोसत नाही."

मग काय, वरात! पंचफुलाच्या डोक्यावर देव, मागून रविंद्र घमेल्यावर थापी वाजवत, सर्वांत मागं मी, गुडघे धरून. देव निंबाखाली बसला. रविंद्रनं दहीभात खाल्ला, हात पुसले अन् सबल उचलली.

दुपारी मुरमातून पाइपाचं तोंड वर आलं. मी त्याले कुंकू लावलं नाही. शिकली.

२२ नोव्हेंबर

फरशी बसली. पाइप जिथल्या तिथं.

१५ डिसेंबर

नव्या घरात पहिली चटणी! पाटावर बसली, बटन दाबलं, मिक्सर गुरगुरला. झटका नाही, काही नाही. ओट्याच्या त्या अंगाले सत्यवती उभी, या अंगाले मी बसलेली. ती वरून वाटी देते, मी खालून भरून देते. आज तिनंच विचारलं, "आई, वांग्याले तीळ टाकू का?" दोनदा म्हटलं, टाक. उगाच. तिनं विचारलं म्हणून.

२ जानेवारी १९८४

यांले शोध लागला की माझ्या पाटावर बसलेला माणूस बैठकीतून दिसत नाही. सकाळी मी न्हाऊन आली तं हे तिथं! लसणाची चटणी वाटून राहिले! लग्न झाल्यापासून चुलीजवळ न आलेला माणूस!

तेवढ्यात शेजारचे मधुकरराव बैठकीत. "रुपरावजी कुठं गेले?"

यांनी मिक्सर बंद केला, मान खाली घातली, तोंडावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "बाहेर गेले असतील कुठं."

मधुकरराव गेले. मले वाटलं आता उठतील. उठले नाहीत. खालूनच हळू आवाजात विचारलं,

"मीठ कुठं असते वं?"