आबांची राहिलेली ओळ

फाल्गुन वद्य पंचमी, शके १८६२
आपलं गाव, तालुका वसमत

चिरंजीव माणिकास,

तुझ्या गोजरआक्काचा आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. हळद शिजवून अंगणात वाळत टाकली आहे, सगळं गाव पिवळं झालंय. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. आबाही ठीक आहेत. तू नागपुरात छापखान्यात चिकटलास हे आपली हळद घेणाऱ्या पुनमचंद शेटजींनी सांगितलं, पत्ताही त्यांनीच दिला. इतक्या वर्षांत तुला बहिणीला एक कार्ड टाकवलं न्हाई. वेळेवर जेवतोस तरी का रे?

वर आबा ठीक आहेत असं लिहिलं, ते खोटं आहे. खोडत न्हाई, शाई वाया जाते. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं अन् वाचा गेली. हिंगोलीचे डॉक्टर म्हणाले, बोलणं काही परत यायचं न्हाई, अन् पुन्हा झटका आला तर आमच्या हाती काही न्हाई. ज्या माणसाची हाक शिवारापलीकडं जायची, त्याला 'पाणी' म्हणता येईना. मी चुलीपुढं बसून रडले. दुसरं काय करणार?

वैद्य म्हणाले, त्यांच्याशी रोज बोलत जा. आता मी तरी किती बोलू? म्हशीचं, पावसाचं, शेजारणीचं सगळं बोलून संपलं. मग कोनाड्यातलं तुझं शाळेतलं कवितांचं पुस्तक काढलं. तूच मला अक्षरं शिकवलीस, ती अशी कामी आली बघ. सकाळी धार काढून झाली की रोज एक कविता, बोट ठेवून, अडखळत. पहिल्या दिवशी लाज वाटली. आता वाचल्याबिगर भाकर गोड लागत न्हाई. शेजारची मदीनाबी येऊन बसते अन् ओळीओळीला 'हूं' म्हणते. हुंकार न्हाई दिला तर ऐकणारा जागा हाय का झोपला, कसं कळणार, असं तिचं म्हणणं. अर्थ तिला कितपत कळतो देव जाणे, पण हुंकार एकदम बराबर.

तर ऐक. एका सकाळी कविता संपली, मी पुस्तक मिटलं, अन् आबा बोलले. माणिका, आबा बोलले रे! स्वच्छ, लयीत:

हळदीच्या पानावरती दव थांबलं थोडं,
गोठ्यामधी जागं झालं तांबडं बैलजोडं,
मातीनं माखल्या पायी सूर्य आला दारी...

मदीनाबीचा हुंकार घशातच राहिला. पुस्तक उलटून पालटून पाहिलं, त्यात ह्या ओळी न्हाईत. मग एकदम आठवलं. अरे, ह्या तर तुझ्या! रोज पहाटे माळवदावर चढून तू कविता म्हणायचास. दुसऱ्यांच्या म्हणून झाल्या की शेवटी ही तुझी. माझं सासर गल्लीपलीकडं, मला चुलीपाशी ऐकू यायची. अन् आबा खाली गोठ्यात शेण काढत शिव्या द्यायचे, "कविता करून बैलाचं पोट भरतंय व्हय?" त्याच भांडणात तू गेलास. शिव्या देता देता ह्या माणसानं पाठ केली रे!

दुसरा एक शब्द अजून येत न्हाई. तहान लागली की हळूच 'हळदीच्या पानावरती'. भूक लागली की बैलजोडं. परवा कालवडीनं दावं तोडलं, तर ह्याच ओळी शिवीच्या चालीवर ओरडून म्हटल्या. मदीनाबी हसत हसत म्हणते, "गोजर, पानी मांगरे देख आबा तेरे." आमाला सगळं कळतं. माणसाचं सगळं बोलणं तीन ओळींत मावतं असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता रोज ऐकते अन् रोज नवल वाटून राहिलंय.

पण एक तकलीफ आहे. 'सूर्य आला दारी' म्हटलं की ते थांबतात. माझ्या तोंडाकडं बघतात. ओठ हलवतात, चांगला हात अंथरुणावर आपटतात, डोळ्यांतून पाणी येतं. पुढची ओळ सापडत न्हाई. मलाही आठवेना. किती डोकं खाजवलं, तवा ध्यानात आलं, ती आमी कधी ऐकलीच न्हाई. तू त्या ओळीवर आलास की आबा खालून ओरडायचे, "उतर खाली! बैलं उपाशी हायत!" रोज, बराबर तिथंच.

मातीच्या पायांनी आपल्या दारी कोण यायचं रे? त्या ओळीत आबा होते का? मी त्यांना विचारलं, "आबा, हे तुमचंच हाय का?" तर तोंड भिंतीकडं करून कितीतरी वेळ रडले.

ती ओळ मला लिहून पाठवू नको. आली तरी मी वाचून दाखवणार न्हाई, आधीच सांगते. अकोल्याहून हिंगोलीची मोटार धर. घरी आलास की उंबऱ्यात घुटमळू नको, सरळ माळवदावर चढ अन् पहिल्यापासून म्हण. ह्या वेळी खालून कुणी ओरडणार न्हाई.

आबांच्या उशाशी, कान वर करून बसलेली
तुझी गोजरआक्का