चार सेकंदांचे बाबा

प्रिय धाकट्या,

तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. रागावू नकोस. तुझा आवाज ऐकला असता तर सगळं भडाभडा बोलून बसले असते, आणि हे तसं बोलून टाकण्यासारखं नाही.

ती परदेशी बाई आठवते ना? आपल्या शहरावर बारा मिनिटांची फिल्म करायला आली होती, आणि मी दुभाषी म्हणून तिच्यामागे हिंडायचे. तू थट्टा करायचास, ताई, ही बाई गटाराच्या झाकणालाही सोडत नाही! खरंच सोडायची नाही. ना गोष्ट, ना संवाद. नुसते जिने, हात, वाळत घातलेले कपडे. बाबा हरवले तेव्हा तिचं काम निम्मं झालं होतं. त्यांना घरचा रस्ताही आठवेनासा झाल्यापासून आपण बाहेरून कडी लावायचो; त्या सकाळी तिच्याकडे जायच्या घाईत ती लावायची मीच विसरले. तुला मात्र सांगितलं की त्यांनी खिडकीतून हात घालून काढली. तीन वर्षं हे खोटं उराशी धरून बसलेय.

मग मी काम सोडलं आणि नदीपलीकडचे दवाखाने, चौक्या, धर्मशाळा पालथ्या घातल्या. बाई एकटीच कॅमेरा घेऊन फिरत राहिली.

गेल्या महिन्यात ती फिल्म दाखवायला परत आली. एका शाळेच्या सभागृहात आम्ही चौदा माणसं होतो. सातव्या मिनिटाला बाबा दिसले. बंद दुकानाच्या पाटीसमोर उभे, अक्षरांवरून बोट फिरवत. मागे व्हायोलिन. चार सेकंद, आणि लगेच कबुतरं. नंतर बाई कौतुकानं म्हणाली, हा माझा सगळ्यात आवडता शॉट. निरक्षर म्हातारा या वयात वाचायला शिकतोय. मी म्हटलं, बाई, ती पाटी त्यांनीच रंगवलीय. चाळीस वर्षं या शहराला वाचायला त्यांनी लावलं. ते माझे वडील आहेत.

दुसऱ्या दिवशी तिनं न कापलेलं चित्रण दाखवलं. सहा मिनिटं, आवाजासकट. बाबा कॅमेऱ्याजवळ येतात आणि विचारतात, "बाई, ही पाटी माझी आहे. इथून आमचं घर कुठं येतं? धाकटा शाळेतून येईल हो, दाराशी ताटकळत बसेल." बाई तिच्या भाषेत म्हणतेय, सुंदर, फार सुंदर. त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज अगदी बारीक झाला. मग आभार मानून उजवीकडे निघून गेले. मी सगळं शब्दन्‌शब्द तिला भाषांतर करून सांगितलं, सवयीनं. तिनं तोंड झाकून घेतलं. मला तिचा राग येईना. समजून घेणं हे माझं काम होतं, आणि त्या दिवशी मी नदीपलीकडे होते.

चित्रणावर तारीख होती, जागा कळली होती. त्या भागातल्या चौकीवर गेले. हवालदारानं बेवारस मृतांची वही काढली, त्यातला फोटो दाखवला. शिडीवरून पडून वाकडा झालेला डावा अंगठा मी ओळखला. चित्रणानंतर दोन दिवसांनी पहाटे बाबा बस डेपोच्या बाकावर सापडले होते. थंडीनं गेले. आठ दिवस शवागारात ठेवलं, मग पालिकेनंच अंत्यविधी उरकला. आपण तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांना हाका मारत होतो.

परवा तुझ्या बायकोनं कळवलं, यंदाही रजा काढून येतोयस आणि बाबांच्या फोटोची दोन हजार पत्रकं छापायला टाकणार आहेस. नको टाकूस, राजा. भिंतींवर त्यांचा फोटो चिकटवत फिरायचं आता थांबव. एवढं सांगायलाच हे पत्र, आणि ते लिहायला मला बारा दिवस लागले. तू ये मात्र नक्की. ते चित्रण माझ्याकडे आहे. त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत तूच होतास. ऐकायचं की नाही ते तू ठरव. ऐकलंस तर मी शेजारी बसेन, आणि या वेळी काहीही लपवणार नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई