कुत्र्यांची भाकर

अमरावती. कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

मोकाट कुत्री मारायचा हुकूम निघाला, तेव्हा आम्ही बाजारातल्या लोकांनी ती कापसाच्या गंजीमागच्या गोठ्यात ठेवली. घरोघरची शेवटची भाकर कुत्र्याचीच असते. ती गोळा करून आळीपाळीने न्यायची, असं ठरलं. मग सखाराम गाडीवान रोजच का नेतो? जखमांना हळद लावतो, हाताने घास भरवतो. हाताने! कापसाला सध्या सोन्याचा भाव आहे, आणि ज्याच्या हातची भाकर खाल्ली त्याच्यावर कुत्रं भुंकत नाही, हे चोरालाही कळतं.

म्हणून आज दिवेलागणीला गंजीआड दबा धरून बसलो. सखाराम आला. एकही कुत्रं भुंकलं नाही. म्हटलं, सापडला! पण तो भाकरी भरवून, गोठा झाडून निघाला. कापसाकडे पाहिलंही नाही. का? मी आहे हे कळलं की काय? हळूच उठलो, तर सगळी कुत्री भुंकत माझ्याच अंगावर! लोक काठ्या घेऊन धावले. सखारामच पुढे झाला.

"मुनीमजी, तुमी? कापसात काहून लपून बसले?"

सगळे माझ्या धोतराला चिकटलेल्या कापसाकडे बघत होते.

भाकर आमच्याही घरून रोज जाते. पण हात सखारामचा असतो.