सायकलच्या ट्यूबचे मुंगूस

कर्वेनगर, पुणे
९ मे २००६

प्रिय अभय,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: काथ्या, छत्रीच्या काड्या आणि सायकलची जुनी ट्यूब यांपासून केलेले मुंगूस धडधाकट, सुशिक्षित आणि पूर्वसूचना मिळालेल्या माणसाला घाबरवू शकते. पुरावा परवाच्या रविवारचा आहे. साक्षीदार साठ-पासष्ट आहेत आणि त्यांतली एक मी आहे. तू हसशील हे मी गृहीत धरले आहे. हसून झाले की पुढे वाच.

तुझी चैताली माझ्याकडे राहायला आल्यापासून घरातली शांतता संपली आहे. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. तिच्या खराडीच्या कंपनीतली मुले महिन्यातून एका रविवारी ऑफिसच्या सभागृहात जमतात आणि सत्तरच्या दशकातले इंग्रजी चित्रपट पाहतात. तेही कसले, तर खवळलेली अस्वले, माणसे खाणारे उंदीर, गावावर चालून येणाऱ्या मधमाश्या. जितका टुकार तितका उत्तम. हे चित्रपट 'चीझी' असतात असे ती म्हणाली. म्हणजे काय, असे विचारले, तर म्हणाली, "आत्या, इतकं वाईट की लाडकं वाटतं." मी म्हटले, वाईट ते वाईट. त्यावर तिचे उत्तर: "मग येऊन सिद्ध कर ना." असे आव्हान मी आजवर नाकारलेले नाही. गेले.

पडद्यावर आला तो आपलाच चित्रपट. अठ्ठ्याहत्तर साली कॅम्पातल्या थिएटरात रविवारी सकाळी तू मला ओढून नेलेस, तोच. भारतातून निघालेल्या जहाजातली मुंगसे अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात उतरतात, कारखान्याचे सांडपाणी पिऊन म्हशीएवढी होतात आणि पोस्टमास्तरापासून सुरुवात करतात. पडद्यावर पहिले मुंगूस दिसताच पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले होते, "शुभ शकुन! शुभ शकुन!" सगळे थिएटर हसले. तू हसला नव्हतास. मुंगसाच्या पोटाखाली दिसणाऱ्या लोखंडी चाकाकडे तू डोळे बारीक करून पाहत होतास आणि घरी येईपर्यंत एकच सांगत होतास, की मुंगूस असे सरळ धावत नाही, ते मध्ये थांबते.

पुढचा महिनाभर तू खडकीच्या क्वार्टर्समागच्या झुडपांत पालथा पडून मुंगसे पाहिलीस आणि आपले स्वतःचे एक तयार केलेस. डोळ्यांना आईच्या तुटलेल्या माळेतले लाल मणी. नायलॉनची दोरी ओढली की ते धावायचे, थांबायचे, मान वर करायचे, आणि मग झेपावायचे. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात दुधाचे पातेले उपडे झाले आणि आई शेजारच्या मांजराला चार दिवस शिव्या घालत होती. असे बारीकसारीक तपशील का आठवतात, सांगता येत नाही.

मग तू जाहीर केलेस की मुंबईला चित्रपटांसाठी प्राणी बनवणारे एक कारागीर आहेत, ते तुला हाताखाली घ्यायला तयार आहेत. आपल्या घरात अशा गोष्टींचा निकाल कसा लागे, हे तुला सांगायला नकोच. छप्पन साली बाबा दीक्षा घेऊन आले ते एक नियम घेऊन: कोणी मोठा आहे म्हणून त्याचे ऐकायचे नाही, पटले तर ऐकायचे. रविवारी वंदना झाली की वाद मांडायचा. हरेल त्याने वहीत सही करून निकाल पाळायचा. कारखान्यात दिवसभर साहेबाचे निमूट ऐकणाऱ्या माणसाने आपल्या मुलांना दिलेले हे स्वातंत्र्य होते.

मी तिशीची, कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी. तू एकोणीस वर्षांचा. मी तीन विधाने मांडली. ज्याचे खोटेपण माहीत आहे त्याची भीती वाटत नाही. चित्रपटातल्या प्राण्याचे खोटेपण सर्वांना माहीत असते. म्हणून त्याची भीती कोणालाही वाटत नाही. वर एक पुस्ती जोडली: जे काम स्वतःचा हेतूच साधू शकत नाही, त्यात माणसाने आयुष्य घालवू नये. तू एवढेच म्हणालास, "ताई, ते थांबतं ना, तिथं..." मी म्हटले, "तिथं काय? वाक्य पूर्ण कर." तुला ते करता आले नाही. तू सही केलीस, मुंगूस माझ्या मांडीवर ठेवलेस आणि पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन झालास.

आता परवाचे. पहिला पाऊण तास मी जिंकत होते. पोरे पोट धरून हसत होती. "अरे, चाक बघ चाक!", "पोस्टमास्तर, पळ की लेका!" घाबरलेला एकही नाही. एवढ्यात वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला बारा सेकंद लागतात असे नंतर समजले. चैतालीने तुझे मुंगूस पिशवीतून आणले होते, संधी मिळताच ते सोडणार हेही मला सकाळीच सांगितले होते. पडदे ओढलेले, दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक पट्टी, आणि त्या पट्टीत ते धावत आले. थांबले. मान वर केली. थेट आमच्याकडे पाहिले.

अभय, सभागृह किंचाळले! अख्खे! एक मुलगा टेबलावर चढला, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि तर्कशास्त्राची निवृत्त विभागप्रमुख खुर्चीवर उभी राहून "हाड, हाड" म्हणत होती. दिवे आले तेव्हा मी तशीच उभी होते. मग हशा, शिट्ट्या, आणि टाळ्या किती वेळ चालल्या म्हणून सांगू! अठ्ठावीस वर्षांचे ते मुंगूस हातोहात फिरले. चित्रपट पुढे कोणी पाहिलाच नाही.

वरच्या मजल्यावर कार्टूनपट बनवणारी एक कंपनी आहे. तिचे श्रीनिवास नावाचे प्रमुख तिथे होते. त्यांनी मुंगूस उलटे करून काड्या तपासल्या आणि विचारले, "हे कोणी केलंय? माझी पोरं संगणकावर प्राणी पळवतात, पण थांबवता येत नाही एकालाही." जूनपासून तू त्यांना शिकवायला यावेस असे त्यांचे म्हणणे आहे. रबर इतकी वर्षे टिकले कसे, याचेही त्यांना नवल वाटले. दर दिवाळीला ट्रंकेतून काढून पावडर लावली की टिकते, असे मी सांगितले. का लावत होते, ते त्यांनी विचारले नाही.

चैतालीने त्याच संध्याकाळी तुला फोन केला. तुझ्या खात्यात आता नकाशे संगणकावर निघतात, तुझा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवला आहे, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टेबलात पडून आहे, हे सारे तिला ठाऊक आहे. तरी तू म्हणालास, "तो विषय अठ्ठ्याहत्तर सालीच संपला. ताईनं निकाल दिलाय." फोन ठेवून तिने ते मला शब्दशः सांगितले. बाबांच्या नियमाचे एक कलम तू विसरला असशील: जिंकणाऱ्याने आपली चूक लेखी, सहीनिशी कबूल केली तर निकाल रद्द होतो. त्या वहीत असे पान एकही नाही. हे पत्र त्यासाठी आहे. तुझे वाक्य मी पूर्ण करते: ते थांबते ना, तिथे पाहणाऱ्याचा श्वास थांबतो, खोटे आहे हे माहीत असूनही. सार्वत्रिक विधान पाडायला एक अपवाद पुरतो, आणि माझ्याकडे साठ आहेत. पण खरे सांगायचे तर मला साठांची गरज नव्हती. एक माझ्याजवळ वादाच्या दिवशीही होता. निकाल रद्द. बॅग भर आणि ये.

कबुली: वादाच्या तीन दिवस आधी तू अंगणातून दोरी ओढून पाहत होतास, आत कोण आहे हे तुला दिसत नव्हते. मुंगूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबले आणि त्याने मान वर केली. दूध मांजराने सांडले नाही. पातेले माझ्या हातून पडले. हा पुरावा मी वादात दडवला. चूक माझी आहे.

तुझीच,
नंदाताई