'चांदी' म्हणून दिलेली बरणी परत घेण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
दंत रुग्णालय.

विषय : माझ्या ताब्यात दिलेली बरणी परत घेऊन नोंद दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या भांडार शाखेचे दि. १९ चे खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

दि. ३ रोजी सकाळी सव्वाअकराला आपल्या रुग्णालयातून माझ्या दुकानात फोन आला, की माझी पत्नी काम करता करता खाली बसली ती उठलीच नाही. मी पोचलो तेव्हा तिचा अ‍ॅप्रन घडी करून खुर्चीवर ठेवलेला होता. ती आपल्याकडे सव्वीस वर्षे मदतनीस होती. मी पुस्तकबांधणी करतो. ती हृदयविकाराने गेली, कामात हाताळलेल्या पाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, असे डॉक्टर म्हणाले. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

१. आठवड्याने तिच्या कपाटातले सामान मला मिळाले. चष्मा, डबा, चपला, आणि यादीत शेवटी 'चांदी, बरणी एक'. मी न वाचता सही केली. घरी आल्यावर बरणी ओळखली. दातांत पूर्वी भरलेली चांदी काढताना निघणारे तुकडे तिच्यात पाण्याखाली ठेवलेले आहेत. चांदी हे बोलण्यातले नाव. त्यात निम्मा पारा असतो. ही रुग्णालयाची वस्तू आहे, आमची नाही.

२. बरणीवरची चिठ्ठी माझ्या हातची आहे. पत्नीने मला 'पारामिश्रित कचरा, तापवू नये' असे लिहून मागितले होते. चिठ्ठी लहान, अक्षरे मावेनात, म्हणून मी गमतीने 'चांदी' लिहून चिकटवली. ती हसली आणि म्हणाली, "असू दे. नवऱ्याने घातली नाही, दवाखान्यात तरी बरणीभर आहे." चूक तिची नाही.

३. मी बरणी परत द्यायला गेलो. भांडाराच्या खिडकीवरचे साहेब म्हणाले, "काका, लोक चांदी न्यायला येतात, तुम्ही द्यायला आलात?" मग मौल्यवान वस्तू घेताना सोनाराचा दाखला लागतो, असे सांगितले. सोनाराने तुकडा चिमट्यात धरून बत्ती पेटवली. ही चांदी तापवली की विषारी वाफ होते, हे पत्नीने मला शंभरदा बजावले होते. मी त्यांचा हात धरला. ते रागावले, पण न तापवता तपासून 'चांदी नाही' असे लिहून दिले. तो दाखला मी जमा केला. त्यावर आपले पत्र आले, की चांदी नेली व चांदी नसलेली वस्तू आणली, तर मूळ चांदी कुठे गेली याचा खुलासा करावा. अन्यथा दिवंगत कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात तशी नोंद होईल.

४. खुलासा असा, की मूळ चांदी नव्हतीच. जिने सव्वीस वर्षे एक कण मोरीत जाऊ दिला नाही, तिच्या नावापुढे 'गहाळ' हा शब्द लिहू नये.

५. तिच्या स्वतःच्या दोन दाढांत तीच चांदी होती. डावीकडची चांदी तडकली, म्हणून पत्नी जाण्याच्या नऊ दिवस आधी काढली. मी दाराशी उभा होतो. तोंडात रबराचा पडदा ताणलेला, वर पाण्याची धार, शेजारी शोषनळी. बोलता येत नव्हते, तरी खुर्चीतून बोटांनी सगळ्यांना तीच सांगत होती : खिडकी उघडा, भुगा करू नका, तुकडे काढा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, पेशंट तुम्ही आहात." ते तुकडे तिने उठून स्वतः बरणीत टाकले.

६. तिचे तुकडे ओळखून मला द्यावेत, अशी विनंती करायचे माझ्या मनात होते. रोज बरणी उजेडात धरून पाहिली. सगळे सारखेच दिसतात. शिवाय, ही वस्तू घरात ठेवायची नसते, असे तीच म्हणाली असती. म्हणून ती विनंती करत नाही.

तरी बरणी नेण्यास जाणता माणूस पाठवावा. झाकण घट्ट आहे. पाणी कमी झाले की मी वर घालतो. नवी चिठ्ठी लिहून ठेवली आहे. या वेळी सगळी अक्षरे मावली आहेत. आपण सांगाल तेव्हा चिकटवीन.

आपला नम्र,
(सही)
दंत विभागातील दिवंगत मदतनीस बाईंचा नवरा
दि. २६

सोबत :
१) सामानाच्या यादीची प्रत
२) सोनाराच्या दाखल्याची प्रत
३) नव्या चिठ्ठीचा नमुना
४) पत्नीच्या उजव्या दाढेसाठी तेव्हाच दिलेली, या महिन्याच्या दि. २४ ची नंबराची चिठ्ठी. ती चांदी काढायची राहिली.